राजीखुशीचा कागद

दिना अष्टमकरांचा कायद्याने घटस्फोट झाला तो २००२ साली. धर्माने मात्र त्या २००५ च्या फेब्रुवारीपर्यंत शालोम यांच्या पत्नीच होत्या. पतीने राजीखुशीने लिहवून घेतलेला 'गेट', म्हणजे सोडपत्राचा कागद, पत्नीच्या ओंजळीत पडत नाही तोवर ती त्याचीच. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरात वाढलेल्या बाईला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या शेजारीण अहिल्याकाकूंना मात्र ते पटत नसे. "कोर्टाचा कागद आहे ना तुझ्याकडे? मग हा दुसरा कशाला? कोणी बघून ठेवलाय की काय?"

"बघायचाच नाही कोणी, काकू. पन्नाशीला आले. आता तरी मला माझी म्हणून जगायचंय," दिनाबाई म्हणत.

शालोम यांनी नाही असे कधी म्हटलेच नाही, हीच खरी पीडा होती. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून फोनवर ते हसत, "देतो गं, कागद काय पळून चाललाय?" तीन वर्षे घोंगडे भिजत पडले. एकदा विमान चुकले, एकदा पाठ धरली, एकदा तर गृहस्थ रजेचा अर्ज करायलाच विसरले.

अखेर ते शिकागोत आले. धर्मन्यायासनाच्या लहानशा खोलीत तीन रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आणि दोन साक्षीदार बसले होते. लेखनिकाने पिसाच्या लेखणीने बारा ओळी लिहायला दोन तास घेतले. शाई वाळली, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. मग ज्येष्ठ रब्बींनी प्रथेप्रमाणे इंग्रजीत पुन्हा एकदा विचारले, "हे पत्र तुम्ही कोणाच्याही दबावाशिवाय देत आहात ना?"

"दबावाशिवाय?" शालोम हसले. "तुम्ही हिचे फोन ऐकलेले दिसत नाहीत, रब्बी!"

कोणीही हसले नाही. रब्बींनी तो कागद दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. दबावाचा उच्चार झाला होता. आता हा लेख चालणार नव्हता. पतीने स्वच्छ शब्दांत खुलासा केला, तरच नवा लेख लिहिला जाईल, नाहीतर ज्याने त्याने घरी जावे.

दिनाबाईंनी बाजूला पडलेल्या त्या कागदाकडे पाहिले. एकोणीस वर्षे हेच! लग्नघरी, मुलीच्या शाळेत, एकदा तर मयताच्या घरीसुद्धा, हे विनोद करीत आणि मागून या सारवासारव करीत: यांच्या मनात तसे काही नाही हो.

शालोम वळले आणि मराठीत म्हणाले, "दिना, सांग ना गं त्यांना. तुला ठाऊक आहे माझी सवय."

ते जुने वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. दिनाबाईंनी ते गिळले.

"तुम्हीच सांगा."

"अगं, पाचचं विमान आहे माझं!"

"मग लवकर सांगा."

शालोम यांनी लेखनिकाकडे पाहिले, साक्षीदारांकडे पाहिले. कोणीच मदतीला येईना. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मी बोललो ते चूक होते," ते रब्बींना म्हणाले. "मला कोणी भाग पाडलेले नाही. माझ्या मर्जीने मी हिला मोकळी करतो आहे."

लेखनिकाने कोरा कागद पुढे ओढला. पुन्हा बारा ओळी, पुन्हा दोन तास. पाच वाजून गेले. या खेपेला रब्बींनी विचारले तेव्हा शालोम फक्त "होय" म्हणाले, आणि दिनाबाईंनी जोडून धरलेल्या तळव्यांत त्यांनी तो कागद सोडला. दिनाबाईंनी मुठी मिटल्या, कागद काखेत धरला आणि रीतीप्रमाणे दारापर्यंत चालत जाऊन त्या परत आल्या. तो पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ज्येष्ठ रब्बींनी कागदाला सुरीने छेद दिला आणि ते म्हणाले, "आता तुम्ही मोकळ्या आहात."

बाहेरच्या मार्गिकेत शालोम घुटमळत होते. "विमान तर गेलं. रात्री कुठे राहू? हॉटेलचं जरा बघतेस का?"

"खाली काउंटरवर फोन आहे," दिनाबाई म्हणाल्या, आणि कोटाची बटणे लावत जिन्याकडे वळल्या.