पंधरा सेकंदवाली व्हर्ना

मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर जुन्या गाड्यांच्या शर्यती होत, आणि तिथे व्हर्ना हॅस्केटला सगळेच दबून असत. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. शर्यतीच्या दिवशी गळ्यात स्टॉपवॉच अडकवून गाड्या तपासायला उभी राहिली, की सख्ख्या भावालाही सोडायची नाही. नियम साधा होता. पट्टे, हेल्मेट, हातमोजे असा सगळा जामानिमा चढवून गाडीत बसायचं आणि इशारा झाला की पंधरा सेकंदांत, कुणाचाही हात न लागता, बाहेर यायचं. जमलं तर पळवा गाडी, नाहीतर घरी जा. अल्कोहोलवर पळणाऱ्या गाडीची आग भर उन्हात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तशा आगीत एक ओळखीचा माणूस गेलेला व्हर्नाने पाहिला होता. त्यानंतर तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची टाप नव्हती.

मध्यंतरी ही हौस मरायला टेकली होती. टप कापलेल्या, इंजिन उघडं टाकलेल्या त्या जुन्या गाड्या भंगारवालेही उचलेनात. मग काय झालं कोण जाणे, पोरांना अचानक त्यांचंच वेड लागलं. शोधता शोधता त्यांना व्हर्नाचा नवरा डेल सापडला. वय त्र्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे बसवलेले, आणि गॅरेजमध्ये वीस वर्षं झाकून ठेवलेली बत्तीस सालची रोडस्टर, तसलीच बिनटपाची. पोरांनी गाडी सुरू केली आणि म्हाताऱ्याच्या अंगात वारं संचारलं. तो पुन्हा शीळ घालत घरभर फिरू लागला. व्हर्नाला ते फार आवडायचं. तिने तसं त्याला कधी सांगितलं मात्र नाही.

शर्यतीच्या सकाळी डेल गाडी घेऊन मुद्दाम व्हर्नाची सोडून दुसऱ्या रांगेत लागला. तिथे टोबिन तपासत होता, पंचविशीतला पोरगा.

"काका, तुमची कसली परीक्षा घ्यायची? जा बिनधास्त."

"थांब," व्हर्ना तरातरा आली. "आधी बाहेर येऊन दाखवू दे त्याला."

"अगं, चारचौघांत कशाला शोभा करतेस?" डेल म्हणाला.

"आत जळालास तर जास्त शोभा होईल. बांध पट्टे."

"एकेचाळीस वर्षं संसार केलाय हिच्याशी," डेल पोरांकडे वळून म्हणाला. "पंधरा सेकंदांत सुटका कशी व्हायची?"

पोरं हसली. व्हर्ना हसली नाही. तिने स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

तीन सेकंदांत पट्टे सुटले. पण उजवा पाय स्टिअरिंगखाली अडकला. सहा. सात. व्हर्ना मनात त्याला शिव्या घालत होती आणि देवाला विनवतही होती, पण मागायचं काय, त्याने सुटावं की अडकावं, हेच तिला ठरवता येईना. नवाला पाय निघाला. अकराला डेल डोक्यावरचा लोखंडी पिंजरा धरून गाडीच्या काठावर आला. बाराला त्याने अंग खाली टाकलं, गुडघा वाकला, तोल झुकला आणि तिचा हात आपसूक पुढे गेला. डेलने तो घट्ट धरला.

"तेरा," टोबिन तिच्या घड्याळात डोकावून म्हणाला. "काका पास."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"नापास," व्हर्ना म्हणाली. "हात लागला."

"काकू, हात तर तुम्हीच पुढे केलात."

"म्हणूनच सांगतेय."

टोबिन ओशाळला. "मग परत एकदा घेऊ. नियमात बसतं ते."

सगळे डेलकडे पाहू लागले. त्याने एका हाताने हेल्मेट काढलं. चेहरा घामाने निथळत होता.

"मी पडत नव्हतो," तो फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

"मग सोड हात आणि बस परत." तिने दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच उचललं. "मी घड्याळ लावते."

डेलने हात सोडला नाही.