मासळीचा वास
दारात बोंबील सुकायला लागले की मला डहाणूतलं पांजरपोळाचं फाटक आठवतं. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. पाय मोडलेली आमची गाय आम्ही कसायाला विकू, या धास्तीनं जीवदया मंडळाच्या शेठनी ती कुंकू लावून, जयजयकार करत पांजरपोळात नेली. तिथं तिनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. आई आमच्या आगर गावाहून गवताचा भारा घेऊन गेली. "शेठ, ती माझ्याच हातचं खाते." शेठनी उपरणं नाकाला लावलं. "बाई, मासळीचा वास येतो तुझ्या अंगाला. आत यायचं नाही." तेवढ्यात आतून गाय हंबरली, तिलाही तोच वास आला होता. भारा फाटकाबाहेरच राहिला. गाय मेल्यावर मात्र निरोप आला, ओढून न्यायला तुमची माणसं धाडा. आता वर्गणी मागायला जीवदयावाले माझ्या दारात येतात. बोंबील मी मुद्दाम तिथंच सुकवते.