धुऱ्यावरचा रानमूग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्याला तर मी रात्री पडलेली स्वप्नंसुद्धा सकाळी सांगायचे. तुम्हाला म्हणून सांगते. धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, रानमूग मी उपटला. तण समजून, मुळासकट, आणि वर गाणं गुणगुणत!

मी अमरावतीची, सातवी पास. शेत पाहिलेलं ते रेल्वेच्या खिडकीतून. लग्न होऊन पातूरकडच्या खेड्यात आले आणि पहिल्याच भादव्यात वाटलं, आपण काहीतरी करून दाखवावं. सासूबाई बाजाराला गेलेल्या. ऊन कसं — दुधावर साय धरावी तसं. पिवळ्या फुलांवर फुलपाखरं पेंगत होती. मीही अर्धी झोपेतच असेन. सगळा धुरा लख्ख केला, ढीग बकऱ्यांपुढे टाकला आणि कौतुकाची वाट पाहत बसले. शहाणी!

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून सासूबाई तो आपोआप उगवणारा मूग राखायच्या. निम्म्या शेंगा तोडायच्या, निम्म्या तिथंच फुटू द्यायच्या. शेतातला मूग पिवळा पडला तरी हा हिरवागार. म्हणायच्या, "आपला मूग याचंच लेकरू व्हय."

उघडा धुरा पाहून त्यांनी विचारलं, "कोनं केलं वं हे?"

आणि मी — कसं सांगू? — मी गंगाबाईचं नाव घेतलं. आमच्याकडे शेत निंदायला, तण काढायला यायची ती. धम्मदीक्षा घेऊन तिला वर्षही झालं नव्हतं. तिला आता आपल्या ऋषिपंचमीचं काय, असंही वर म्हणाले. हे सुचताना मात्र मी झोपेत नव्हते. सासूबाईंना लगेच पटलं — इतकं सोपं होतं ते? गंगाबाईचं आमच्याकडचं काम सुटलं.

पुढच्या वर्षी धुऱ्यावर नुसतं गवत. सासूबाई लोकांचे धुरे वाकून वाकून पाहत हिंडायच्या. मला कळलं, गंगाबाईच्या घरामागं नाल्याकाठी रानमूग आहे. गेले, बी मागितलं. ती भिंत सारवत होती. हात थांबला नाही तिचा.

मी रिकाम्या ओच्यानं परतले. सासूबाई होत्या तोवर गप्प राहिले, त्या गेल्यावरही. गंगाबाई एवढंच म्हणाली होती —

"बी लय हाय, सूनबाई. कोनं उपटलं ते सांग तुह्या सासूले, अन् तिलेच पाठव. ओटीभर देतो."