काटा किती?

आमच्या गल्लीत गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने बाईंचा ओरडा खाल्लेला आहे. मीही खाल्लाय, तोही फी भरून. बाई ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. शेजारच्या सीटवर बसायच्या, पायाखाली त्यांचा स्वतःचा ब्रेक, आणि शिकणारा जरा रंगात आला की विचारायच्या, "काटा?" लगेच वेगाचा आकडा सांगायचा. विचार करायचा नाही, सबबी सांगायच्या नाहीत. अडखळलात तर गाडी बाजूला घ्यायची आणि बाईंचं व्याख्यान ऐकायचं. पुढेपुढे मी झोपेतही आकडे सांगते, असं माझा नवरा म्हणायचा.

त्यांचा जावईही त्यांचाच विद्यार्थी. "गाडी शिकायला आला आणि माझी मुलगी घेऊन गेला," असं बाई सगळ्यांना हसत सांगत. लग्नानंतर मात्र मुलीने बजावलं, "आई, आता ह्यांना गाडीत काही शिकवायचं नाही हं. चारचौघांत त्यांना कसंतरी होतं." बाईंनी ते मनावर घेतलं. जावयाचा मान राखायचा म्हणजे राखायचा.

मग तो अपघात झाला. जावई गाडी चालवत होता, बाई शेजारी होत्या. गाडी सुसाट होती, वळणावर ती दुभाजकावर जाऊन आदळली. जावयाला नुसतं खरचटलं, बाईंच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, पाय सैल असता तर कदाचित वाचला असता, पण तो सगळा जोर लावून खाली रोवलेला होता. त्या सीटपुढे ब्रेक नव्हता. बाईंनी तरीही दाबला होता.

स्कूल बंद पडलं. बाईंच्या वकिलांनी गाडीच्या विमा कंपनीवर दावा लावला. भरपाई मिळाली तर दुसरं ऑपरेशन होणार होतं आणि बाई पुन्हा त्यांच्या सीटवर बसू शकणार होत्या. पण त्यासाठी चूक गाडी चालवणाऱ्याची होती हे सिद्ध व्हायला हवं. ते झालं की जावयाचं लायसन्स जाणार, आणि त्याचं पोट टॅक्सीवर. मुलीला दिवस गेलेले. तिने आईपुढे रडून घेतलं, आणि घरात ठरलं की कुत्रं आडवं आलं असं सांगायचं.

मी चिडले. "कुठलं कुत्रं, बाई? आणि तुमच्या पायाचं काय?"

"तू गप्प बस. दावा पडला तर पडला," त्या म्हणाल्या. "मला सुनावणीला घेऊन चल, एवढंच कर."

सुनावणीची खोली लहानशी होती, वर पंखा कुरकुरत होता. बाई कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन भिंतीकडे बघत बसल्या. मुलगी बाकाची कड घट्ट धरून होती. जावयाने शपथ घेतली आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली. बाईंच्या वकिलांनी वेग विचारला. "आठवत नाही," तो म्हणाला. त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा विचारलं, त्याचं उत्तर तेच. एवढं धडधडीत खोटं ऐकत बसायचं आणि ब्र काढायचा नाही.

मग कंपनीचे वकील उठले. आवाज अगदी लोण्यासारखा. "तुमच्या सासूबाईंना गाडीत शिकवायची सवय आहे, हो ना? त्या अचानक ओरडल्या, तुम्ही दचकलात आणि गाडी हातातून गेली. असंच झालं ना?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"हो," तो म्हणाला. "ओरडल्या."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आता ह्या रडणार असं मला वाटलं, आणि मला त्या जावयाची किळस आली. बाई कुबडी टेकून उभ्या राहिल्या.

"काटा?"

तोच आवाज. जावयाची पाठ ताठ झाली, नजर समोर लागली.

"एकशे दहा, बाई."

कंपनीचे वकील ताडकन हरकत घ्यायला लागले. न्यायाधीशांनी त्यांना हातानेच थांबवलं. "बाई, मध्ये बोलायचं नाही. खाली बसा." मग ते जावयाकडे वळले. "तुम्ही आत्ता काय म्हणालात?"

त्याला अजून शब्द फिरवता आला असता. मुलगी त्याच्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको. त्याने तिच्यावरून नजर काढली आणि न्यायाधीशांकडे पाहिलं.

"एकशे दहा होता," तो म्हणाला. "कुत्रं नव्हतं."

"आणि ह्या ओरडल्या होत्या?"

"नाही, साहेब. एक शब्दही बोलल्या नाहीत."

मुलगी उठून बाहेर निघून गेली. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

नंतर बाहेर व्हरांड्यात बाईंचे वकील खुशीत होते, आता निकाल आपलाच म्हणत होते. बाईंचं लक्ष नव्हतं. जावई आला, पण शेजारी बसला नाही. समोर उभा राहिला, शिकायला आला होता तेव्हा उभा राहायचा तसा.

"बाई, त्या दिवशी का नाही विचारलंत?" त्याचा आवाज चिरकला. "विचारलं असतंत तर मी पाय उचलला असता."

बाईंनी कुबड्या जवळ ओढल्या.

"जावयाला कसं विचारायचं," त्या म्हणाल्या.