दुसरी रेघ

नायगावच्या आठवडी बाजारात मी एका माणसाला चावले. लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यावरून मला अजून चिडवतात. चिडवू देत.

भाजीवरचं फवारणीचं औषध ओळखणाऱ्या पट्ट्या घेऊन मी तिथं टेबल टाकलं होतं. पट्टीत प्रयोगशाळेत घडवलेली अँटिबॉडी असते. औषध सापडलं की ती त्यालाच धरून बसते आणि दुसरी रेघ उमटतच नाही. म्हणजे दोन रेघा आल्या तर भाजी स्वच्छ, एकच आली तर विषारी. करोनाच्या पट्टीच्या अगदी उलट. सकाळपासून हेच सांगून माझा घसा बसला होता.

तेवढ्यात एक शेतकरी धावत आला. त्याची लेक उलट्या करून दवाखान्यात निपचित पडली होती, आणि कशानं बाधलं ते डॉक्टरांना कळत नव्हतं. त्यानं पिशवीतून मेथी काढली. माझ्या समोरच बसलेल्या म्हाताऱ्या भाजीवाल्याकडून ती आदल्या दिवशी दारावर घेतलेली. दोन रेघा उमटल्या.

"दोन आल्या. इख हाय," तो म्हणाला, आणि मी तोंड उघडायच्या आत तराजूतलं लोखंडी वजन उचलून त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडावर हाणलं. मग सगळा बाजार तुटून पडला. ज्यांना त्या पोरीचं नावही ठाऊक नव्हतं, तेही लाथा घालत होते. म्हाताऱ्यानं डोक्यावर धरलेला हात कुणीतरी बुटाखाली चिरडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मेथीच्या जुड्या रक्तानं भिजल्या. मी मध्ये घुसले, थोबाडीत खाल्ली, आणि वजन धरलेल्या त्या मनगटात दात रोवले. त्या क्षणी मला त्याचा जीव घ्यावासा वाटत होता.

वजन खाली पडलं. दोन म्हणजे स्वच्छ, असं मी किंचाळून सांगितलं. गर्दी चपला शोधत पांगली.

तो शेतकरी मात्र मानेना. लेकीनं खाल्लेल्यांतलंच एक वांगं त्यानं पिशवीतून काढलं. "हे लावा. माझ्या शेतातलं हाय. दोन आल्या तर खरी तुमची पट्टी."

एक रेघ आली. दुसरीची वाट बघत तो टेबलावर वाकून उभा राहिला. ती आलीच नाही.

"मीच चारलं तिला," तो म्हणाला. "माझ्या हातानं."

कोणतं औषध मारलं ते त्याच्याकडून काढून मी दवाखान्यात फोन केला. पोरगी वाचली. म्हातारा अजून तिथंच मेथी विकतो, पण जुड्या आता त्याची बायको बांधते.