हनीफचं नाक आणि मधल्या दर्जाचा चषक

खेळ माणसाला माणसाशी जोडतो, असं हनीफ परकारच्या शोकसभेत त्याच्या क्लबाच्या अध्यक्षांनी फार गंभीर आवाजात सांगितलं. खरं आहे. हनीफला खेळानं ज्यांच्याशी जोडलं त्यांतल्या दोघांच्या भुवईवर टाक्यांच्या खुणा होत्या, एकाच्या जबड्यात स्क्रू होता, आणि तिघंही सभेला आले होते. दीड महिन्यापूर्वी त्याच्या मुलीचा, सानियाचा फोन आला. "अंकल, डॅडी इज नो मोर." दुपारनंतरची, असरची नमाज पढून, चहा सांगून तो सोफ्यावर बसला आणि चहा येईपर्यंत गेला. पंधरा वर्षं लोकांनी त्याला कोपरांनी, गुडघ्यांनी, बुटांनी कायमचा आडवा करायचा प्रयत्न केला होता. जमलं ते एका मऊ गादीला.

हनीफ दापोलीकडचा, दुबईत बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर. आठवडाभर हेल्मेट न घालणाऱ्यांना झापायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः बिनहेल्मेटचा लोकांच्या अंगावर जायचा. त्याचा आयरिश मॅनेजर गेलिक फुटबॉल खेळायचा. एकदा माणूस कमी पडला म्हणून त्यानं हनीफला मैदानावर नेलं. या खेळात चेंडू हातानंही नेता येतो, पायानंही. गोलाच्या आडव्या दांडीखालून मारला तर तीन गुण, वरून गेला तर एक. हनीफ गावी कबड्डी खेळलेला. पहिल्याच मिनिटाला त्यानं समोरून येणाऱ्याचा घोटा धरला, त्याला लोळवला, वर बसला आणि गुण मिळेल म्हणून रेफरीकडे बघत राहिला. मिळालं पिवळं कार्ड. "मास्तर, पकड एकदम क्लीन होती," हे त्यानं मला वर्षभर ऐकवलं. मी दुबईतच ऊद मेथातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मास्तर.

आखातातल्या मधल्या दर्जाच्या क्लबांची एक बाद फेरीची स्पर्धा असते. एक सामना हरलात की खलास. वरच्या दर्जाचे लोक खेळतात, खालच्या दर्जाचे धापा टाकतात. मधल्यांना दोन्ही धड जमत नाही, म्हणून ते मारतात. हनीफच्या क्लबानं तो चषक कधीच जिंकला नव्हता. एक्केचाळिसाव्या वर्षी तो अंतिम सामन्यात पोचला, तेव्हा हा शेवटचा सामना असा शब्द त्याच्या बायकोनं, शबानाभाभीनं त्याच्याकडून घेतला होता. त्याला तो चषक हवा होता... इतकं उघडपणे त्यानं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

गोलाच्या दोन्ही खांबांशी पांढरा कोट घातलेला एकेक गोलपंच उभा असतो, आणि आमच्याकडे ही माणसं दोन्ही क्लबांनी पुरवायची पद्धत होती. त्या दिवशी कोट मला चढवला. "वरून गेला की पांढरा झेंडा, खालून गेला की हिरवा. बाकी हवा खा," हनीफ म्हणाला. रेफरीच्या पाठीमागे काही घडलं तर तो गोलपंचाला विचारतो, हे त्यानं सांगितलं नाही.

दहाव्या मिनिटाला सुका बोंबील मोडावा तसा आवाज आला. मी वळलो तेव्हा हनीफच्या नाकातून रक्ताची धार लागली होती आणि समोरच्या संघाचा तेरा नंबरचा गडी, जो एरवी प्राथमिक शाळेत मुलांना शिकवायचा, आपलं कोपर चोळत होता. रेफरीनं विचारलं. मी चेंडूकडे बघत होतो, तसं सांगितलं. हनीफ नाकात कापूस कोंबून परत आला. पुढचा पाऊण तास लाथा, शिव्या, फाटलेले शर्ट. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही एका गुणानं पुढे होतो. चेंडू पलीकडच्या टोकाला गेला, रेफरी त्याच्यामागे, आणि हनीफनं तेरा नंबरच्या बरगडीत मूठ घातली. तो वाकला तेव्हा तोंडावर गुडघा दिला. एक दात माझ्या बुटाशी येऊन पडला.

रेफरी धावत आला. "अंपायर, डिड यू सी इट?"

हनीफ माझ्याकडे बघत होता. मी वर्गात कॉपी पकडणारा माणूस... "येस," म्हणालो. "नंबर थ्री."

तो हनीफचा नंबर. लाल कार्ड. उरले चौदा. शेवटच्या मिनिटाला, हनीफ जिथे उभा राहायचा तिथूनच चेंडू आमच्या गोलात दांडीखालून गेला आणि चषकही गेला. हिरवा झेंडा मीच वर केला.

परतताना गाडी तो चालवत होता. शारजात अल मजाजला माझ्या इमारतीखाली त्यानं गाडी उभी केली. मग म्हणाला, "मास्तर, मारलं मी. कबूल. पण त्यानं मला मारलं तेव्हा कुठे बघत होतास?"

"चेंडूकडे."

"मग मी मारलं तेव्हाही चेंडूकडेच बघायचं होतंस ना, हबीबी."

मी माफी मागितली नाही. त्यानं मागायला लावली नाही. तो वर आला, आमच्याकडे चहा प्यायला, आणि पुढच्या आठवड्यातही आला. पुन्हा कधी तो मैदानावर उतरला नाही, आणि त्या सामन्याविषयी बोलला नाही.

मागच्या आठवड्यात इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या घरी गेलो. हॉलमध्ये त्या दिवशीचा, सामन्याआधीचा फोटो आहे. पंधरा खेळाडू, हनीफचं नाक सरळ, आणि कडेला कोटातला मी. "काच दोनदा फुटली, दोनदा नवीन लावली त्यांनी," भाभी म्हणाली. "मी बोलले, मास्तरांना कापून छोटी फ्रेम करा. तर म्हणाले, राहू दे त्याला."

मी जवळ जाऊन पाहिलं. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.