कोपरीतला काउंटर मार्च

कोपरीच्या गल्लीत वळलो आणि समोरून दुसरा बँड आला. त्यांच्यामागे त्यांचा नवरदेव, आमच्यामागे घोडीवर आमचा. दोन्ही बँड गल्लीभर पसरलेले.

पोलीस बँडमधून रिटायर झाल्यावर मी स्वतःचा बँड काढला, त्याची ही पहिलीच सुपारी. मुहूर्त गोरज, हॉल गल्लीच्या पलीकडे. मुहूर्त चुकला असता तर ठाणे शहरात मला पुन्हा कोणी बोलावलं नसतं.

बँडवाल्यांत एक रीत आहे. दोन बँड समोरासमोर आले की जो आधी वाजवायचा थांबेल तो हरला. त्यामुळे दोघंही जागच्या जागी उभे राहून जोर लावत होतो. नवरदेवाचे वडील घामाघूम होऊन माझ्या कानाशी आले.

"मास्तर, थांबायचं नाय. नाक कापलं जाईल."

"मग मुहूर्त?"

"तो पण चुकवायचा नाय."

मला काउंटर मार्च आठवला. परेडचं मैदान संपलं तरी बँड थांबत नाही. पुढची रांग वळते आणि मागून येणाऱ्यांच्या मधल्या फटींतून वाजवत परत जाते. इंग्रजांच्या पलटणींपासून चालत आलेली पद्धत. इथे तर वळायचीही गरज नव्हती, नुसतं एकमेकांतून आरपार जायचं. समोरच्या बँडच्या दशरथ मास्तरांना मी बोटांत बोटं गुंतवून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

आणि गेलो की! ट्रम्पेटवाले ट्रम्पेटवाल्यांना खांदे घासून, गाणी दोन, पावलं मात्र एका तालात. लोक गॅलऱ्यांतून शिट्ट्या मारत होते. मला इतका आनंद झाला की या वयात बँडमास्तरची काठी हवेत उडवली, आणि चक्क झेललीसुद्धा.

मागे पाहिलं. वऱ्हाड होतं, नवरदेव नव्हता.

लग्नाची घोडी बेस ड्रमच्या, म्हणजे बँडमधल्या सगळ्यात मोठ्या ढोलाच्या, ठोक्यामागे चालते. ही घोडी एरवी दशरथ मास्तरांच्या बँडबरोबर असायची. आज त्यांचा नवरदेव पायीच नाचत निघाला, म्हणून ती आमच्या वाट्याला आली होती. ओळखीचा ठोका शेजारून गेला आणि तिने तोंड फिरवलं. आमचा नवरदेव मुंडावळ्या सावरत दुसऱ्याच नवरीच्या हॉलकडे चालला होता.

घोडीवाल्याने लगाम ओढला, हरभरे दाखवले. घोडी ढिम्म. मी धावत दशरथ मास्तरांना गाठलं.

"तुमचा ड्रमवाला मला द्या, माझा तुम्ही घ्या."

"न्या की. पण वाजवता वाजवता न्यायचा. थांबलात तर हरलात."

दोघा ड्रमवाल्यांनी ठोका न चुकवता जागा बदलल्या. घोडी शहाण्यासारखी वळली. भटजी घड्याळाकडे बघत असतानाच आम्ही हॉलच्या दारात पोचलो. हकिगत तिथे आमच्याआधीच पोचली होती, कारण नवरी हार घालताना हसू आवरेना म्हणून दोनदा थांबली.

तेव्हापासून सुपारी घेताना नवरदेवाचं नाव मी नंतर विचारतो. घोडी कोणाच्या ड्रमवर चालते, ते आधी.